बाळ सारखं उजवीकडेच बघतं : ऑस्टिओपॅथकडे पुढे न्यावं का?

मृणाल_श्टुटगार्ट

नमस्कार. बरेच दिवस नुसती वाचत असते, धागा आज पहिल्यांदाच काढतेय.

लेक सात आठवड्यांची आहे. वीस तास कळा देऊन शेवटी व्हॅक्यूम लावून जन्मली. लगेच रडली, वजन ३ किलो १००, सगळं छान. आम्ही जर्मनीत श्टुटगार्टजवळ राहतो. आई साताऱ्याहून तीन महिन्यांसाठी आलीये, त्यामुळे तेल-पाणी, शेक सगळं रीतसर चालू आहे.

तिसऱ्या आठवड्यात आंघोळ घालताना आई म्हणाली, "हिच्या गळ्याची डावीकडची वळी बघ गं, आत लालभडक झालीय." बघितलं तर त्या घडीत दूध साचून कातडी ओली झालेली, आंबूस वास येत होता. उजवीकडची घडी मात्र कोरडी. तेव्हा नीट लक्ष गेलं. ती डोकं जरासं डाव्या खांद्याकडे झुकवते आणि तोंड कायम उजवीकडे. झोपेत, जागेपणी, मांडीवर, सगळीकडे. आता डोक्याची मागची उजवी बाजू चपटी दिसायला लागलीय, तिथले केसही गेलेत. डाव्या बाजूला नीट पिते, उजव्या बाजूला घेतली की दोन मिनिटांत अंग ताठ करते आणि किंचाळते. संध्याकाळी सहा ते नऊ सलग रडते ते वेगळंच.

इथे बाळंतपणानंतर हेबामं घरी येते, म्हणजे शिकलेली सुईण. पहिले दहा दिवस रोज येते, खर्च विम्यातून. आमची हेबामं फार मायाळू आहे. तिने मान पाहिली आणि म्हणाली, "ब्लॉकाडं आहे, ऑस्टिओपॅथकडे ने." म्हणजे मान कुठेतरी अडकलीय, हातांनी उपचार करणाऱ्यांकडे ने. इथे हे इतकं सहज सांगतात की आमच्या प्रसूतीच्या व्यायामवर्गातल्या जवळजवळ सगळ्या जणी बाळांना घेऊन जाऊन आल्यात.

परवा आम्हीही गेलो. पाऊण तास. त्या बाईंनी बाळाला उताणं ठेवलं, एक तळहात डोक्यामागे, दुसरा माकडहाडाखाली, आणि बराच वेळ नुसते हात ठेवून बसल्या. ओढणं नाही, दाबणं नाही. मग गळ्याच्या बाजूने दोन बोटं इतकी हलकी फिरवली की मला हालचाल दिसतसुद्धा नव्हती. बाळ झोपलं. सात आठवड्यांत पहिल्यांदा कुणीतरी माझ्या बाळाकडे इतकं शांतपणे बघतंय असं वाटून मला रडूच आलं. ९५ युरो झाले. डॉक्टरांची शिफारस असेल तर विमा कंपनी काही भाग परत देते.

त्या रात्री ती सलग चार तास झोपली. मान मात्र अजून उजवीकडेच आहे. अजून तीन वेळा या म्हणाल्यात. आईला हे पटत नाही, नवऱ्याला पैशांचं काही नाही पण "नक्की करतात काय?" हा त्याचा प्रश्न आहे, आणि उत्तर माझ्याकडे नाही. कुणाला अनुभव असेल तर कृपया सविस्तर लिहा.

कृष्णाकाठची_आजी

मृणाल बाळा, आधी तू पोटभर जेव आणि दुपारची झोप.

आमच्याकडे कुसुमबाई यायच्या अंगाला लावायला. सांगलीत आमच्या गल्लीतली निम्मी पोरं त्यांच्या पायांवर न्हायलेली. पाय पसरून बसायच्या, बाळ पालथं पिंढऱ्यांवर, आणि तेल कोमट केल्याशिवाय हात लावायच्या नाहीत. उजवा हात डाव्या पायाला, डावा हात उजव्या पायाला, असं हळूच जुळवायच्या. बाळ आखडलं की तिथेच थांबायच्या. "त्याला नको असंल तर आपुन कोन?" म्हणायच्या. माझ्या धाकट्याची मान अशीच एका अंगाला होती. कुसुमबाईंनी पाळण्याची दिशा बदलायला लावली होती, एवढं आठवतं.

पण सगळ्या कुसुमबाई नसतात. पाय धरून उलटं धरणाऱ्या, टाळू दाबणाऱ्या, नाक चिमटीत ओढून सरळ करणाऱ्या बायकाही मी पाहिल्यात. तसलं काही कुणाला करू देऊ नको. मोहरीची उशी केलीस का? डोकं गोल होतं म्हणतात.

गोदाकाठचा_डॉक्टर

मी बालरोगतज्ज्ञ आहे, नाशिकला प्रॅक्टिस करतो. बाळाला तपासल्याशिवाय निदान करणार नाही, पण तुम्ही जे लिहिलंय ते इतकं नेमकं आहे की काही गोष्टी सांगायलाच हव्यात.

डोकं डावीकडे झुकलेलं आणि हनुवटी उजवीकडे, हे चित्र डाव्या बाजूचा मानेचा स्नायू आखूड किंवा ताठ असला की दिसतं. कानामागच्या हाडापासून गळ्याच्या हाडापर्यंत तिरका येणारा तो स्नायू. याला टॉर्टिकोलिस म्हणतात. पोटात जागा कमी पडली किंवा प्रसूती अवघड झाली की हे होऊ शकतं. कधी त्या स्नायूत वाटाण्याएवढी गाठ हाताला लागते. घाबरण्यासारखं सहसा काही नसतं. पण "ब्लॉकाडं" हे निदान नव्हे, ते एक मत आहे. तुमच्या बालरोगतज्ज्ञांकडे पुन्हा जा आणि स्पष्ट सांगा : मानेचा स्नायू हाताने तपासा, गळ्याचं हाड प्रसूतीत मोडलं होतं का बघा, दोन्ही हात सारखे हलतात का बघा. अशा बाळांमध्ये खुब्याचा सांधा कच्चा असण्याचं प्रमाण थोडं जास्त असतं, म्हणून खुब्याची सोनोग्राफी हवी. जर्मनीत चौथ्या-पाचव्या आठवड्याच्या तपासणीत ती करतातच, बाळाच्या तपासण्यांच्या पिवळ्या वहीत नोंद असेल.

चपट्या डोक्याबद्दल. वरून, म्हणजे टाळूच्या बाजूने बघा. उजवीकडे मागे चपटं आणि उजवा कान पुढे सरकलेला दिसत असेल, तर बहुतेक झोपण्याच्या स्थितीचा परिणाम आहे आणि तो सुधारतो. पण कवटीचे सांधे वेळेआधी जुळून आले असतील तर आकार वेगळाच दिसतो आणि त्याला शस्त्रक्रिया लागते. हे क्वचित असतं, तरी तो फरक डॉक्टरांनीच ठरवायचा.

आजींचा मुद्दा अगदी खरा आहे. टाळू दाबायची नाही, नाका-कानात तेल घालायचं नाही. नाकातलं तेल फुप्फुसात उतरून न्यूमोनिया झालेली बाळं मी ॲडमिट केली आहेत. आणि आजी, एक हात जोडून विनंती, मोहरीची उशी नको. वर्षाच्या आतलं बाळ सपाट गादीवर, उताणं, उशीशिवाय झोपवायचं. उताणं झोपवायचा सल्ला अमेरिकेत १९९२ पासून द्यायला लागले, १९९४ मध्ये त्याची देशभर मोहीम झाली, आणि झोपेतले अचानक मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले. चपटी डोकी त्याच काळात वाढली, हेही खरं. पण चपटं डोकं पुढे गोल होतं.

संध्याकाळच्या रडण्याबद्दल : बाळाचं रडणं साधारण सहाव्या आठवड्याच्या आसपास सगळ्यात जास्त असतं आणि तीन-चार महिन्यांत ओसरतं. तरी रडणारं बाळ एकदा पूर्ण उघडं करून बघा. पायाच्या बोटांत आईचा केस गुंडाळून बोट सुजलेलं मी स्वतः पाहिलंय, आणि आधी दोन दिवस घरचे दृष्ट काढत होते. जांघेत फुगवटा, हिरवी उलटी, शौचात रक्त, टाळू फुगलेली, दूध सोडलेलं, तीन महिन्यांच्या आत ३८ अंश ताप, यातलं काहीही दिसलं तर हात ठेवणाऱ्या कुणाकडेही नाही, थेट दवाखान्यात.

समीर_लंडन

आमचा मुलगा पाच आठवड्यांचा असताना इथे नेलं होतं. ब्रिटनमध्ये यासाठी १९९३ चा कायदा आहे. नोंदणी असल्याशिवाय कुणीही स्वतःला ऑस्टिओपॅथ म्हणवून घेऊ शकत नाही, तो गुन्हा आहे, आणि जनरल ऑस्टिओपॅथिक कौन्सिलच्या यादीत नाव कुणालाही तपासता येतं. शिवाय २०१६ पासून जाहिरात-नियामकाने सांगून ठेवलंय की बाळांवर उपचार करतो असं लिहा, पण पोटशूळ, म्हणजे लहान बाळाचं तासन्तास रडणं, बरा करतो असा दावा पुराव्याशिवाय करू नका. आम्ही गेलो त्या बाईंनीही पहिल्याच भेटीत तेच सांगितलं : "मी त्याला आराम पडेल असं बघेन, रडणं थांबवीन असं वचन देत नाही." मला ते आवडलं. दोनदा गेलो. फायदा झाला का? तो दहाव्या आठवड्यात शांत झाला, पण शेजारचं बाळही त्याच सुमारास शांत झालं, कुठेही न जाता.

ओवी_ठाणे

मृणाल, तुझ्या बाळाचा प्रश्न वेगळा आहे, पण हा धागा वाचून लिहिल्याशिवाय राहवेना. लांब झालं तर माफ करा.

माझा मुलगा अडीच वर्षांचा झाला तरी "आई" सोडून शब्द नव्हता. आमच्या भागात एक केंद्र आहे, नाव लिहीत नाही. तिथे "क्रेनियल" म्हणून डोक्यावर हात ठेवण्याचे उपचार होते. प्रसूतीत कवटीवर दाब आलाय, तो सुटला की वाचा येईल असं सांगितलं. चोवीस वेळांचं पॅकेज, पैसे आगाऊ. हात खरंच हलका होता. माझं पोरगं मुकाट पडून राहायचं आणि मला वाटायचं, बघा किती शांत होतो. घरी आला की थोडं बरं वागायचा. मी डायरी लिहायचे. आज नजरेला नजर दिली, आज "बा" म्हणाला.

आठ महिने गेले. मग माझ्या नणंदेने, ती अंगणवाडी सेविका आहे, त्याच्या पाठीमागे उभं राहून स्टीलचं ताट जमिनीवर टाकलं. आम्ही सगळे दचकलो. तो गाडी फिरवत राहिला.

बेरा टेस्ट, म्हणजे ऐकण्याची तपासणी, केली. दोन्ही कानांनी खूप कमी ऐकू येत होतं. आज तो पाच वर्षांचा आहे, दोन्ही कानांना मशीन आहे, वाक्यं बोलतो, भांडतो, गाणी म्हणतो. पण ते आठ महिने माझे मला माफ होत नाहीत. त्या केंद्रात एकदाही, एकदाही कुणी विचारलं नाही की ऐकायची तपासणी झालीय का.

हात हलका आहे, इजा काही होत नाही, असं म्हणून लोक सोडून देतात. वेळ जातो तीही इजाच आहे. मूल बोलत नसेल, चालत नसेल, तर आधी तपासण्या. मान, डोकं, पाठ यांवर हात ठेवून वाचा येत नाही.

कृष्णाकाठची_आजी

ओवी, पोरी, तू शोधून काढलंस ना. तूच काढलंस. असं मनाला लावून घेऊ नको.

फिजिओ_गौरी

ओवीताई, तुमची पोस्ट मी आमच्या सेंटरमधल्या सगळ्यांना वाचून दाखवणार आहे, चालेल ना?

मृणाल, मी पुण्यात लहान मुलांची फिजिओथेरपी करते. वर डॉक्टरांनी सांगितलंय ते आधी करा. टॉर्टिकोलिस असेल तर फिजिओथेरपी हाच मुख्य उपचार, आणि तीन महिन्यांच्या आत सुरू केली तर फार चांगला निकाल मिळतो. तुमच्याकडे डॉक्टरांच्या चिठ्ठीवर ती विम्यात होते. जर्मनीत वॉयटा पद्धतही देतील, त्यात ठरावीक बिंदूंवर दाब देतात आणि बाळं बरीच रडतात. मन धजत नसेल तर बोबाथ पद्धतीने करणारं कुणी आहे का ते विचारा.

तोवर घरी करण्यासारखं बरंच आहे. पाळण्यात बाळाची दिशा फिरवा. बाळ उजेडाकडे आणि माणसाकडे वळतं. आता खिडकी किंवा तुमचा पलंग तिच्या उजवीकडे असणार. डोकं पायथ्याकडे केलं की तेच डावीकडे येईल. कुसुमबाईंनी पाळणा फिरवायला लावला, तो याचसाठी. खुळखुळा, चेहरा, आवाज, सगळं डावीकडून. उजव्या बाजूला पाजताना तिला मांडीवर आडवं न घेता उजव्या काखेत धरा, पाय तुमच्या पाठीकडे. डाव्या बाजूला ज्या अंगावर पिते, त्याच अंगावर पडून ती इथेही पिते, मान उलटी वळवावी लागत नाही. बहुतेक किंचाळणं तिथेच कमी होईल. जागी असताना दिवसातून अनेकदा पालथी घाला, सुरुवातीला दोन-तीन मिनिटं, तुमच्या छातीवर घातली तरी चालेल. दिवसभरात जितकं जमेल तितकं वाढवा.

मान ताणण्याचा व्यायाम कुणीतरी हातात हात धरून शिकवल्याशिवाय करू नका. हनुवटी डावीकडे नेणं आणि उजवा कान उजव्या खांद्याकडे नेणं, या दोन हालचाली आहेत, पण किती आणि कुठे थांबायचं हे हाताला कळावं लागतं.

ऑस्टिओपॅथबद्दल माझं प्रामाणिक मत : त्यांनी गळ्याच्या बाजूने दोन बोटं फिरवली, ते मऊ स्नायूवरचं काम आहे आणि त्याने ताठरपणा थोडा सैल होऊ शकतो. आमचं कामही हातांचंच आहे, त्यामुळे मी त्याला हसणार नाही. पण आठवड्यातला पाऊण तास त्यांच्याकडे असतो, बाकीचा सगळा वेळ बाळ तुमच्याकडे असतं. मान त्या वेळात सुधारते.

विज्ञानवाट

"नक्की करतात काय?" हा मृणालच्या नवऱ्याचा प्रश्न रास्त आहे, म्हणून थोडं मुळापासून.

अँड्र्यू टेलर स्टिल हा अमेरिकेतला डॉक्टर. १८६४ मध्ये मेंदूज्वराने त्याच्या घरातली तीन मुलं गेली. त्या काळची औषधं काहीच करू शकली नाहीत. या दुःखातून त्याने शरीराची रचना, हाडं, स्नायू, रक्ताभिसरण यांवर हाताने काम करण्याची पद्धत मांडली. १८९२ मध्ये मिसूरीतल्या कर्क्सव्हिल गावी पहिलं कॉलेज काढलं. त्याच कॉलेजात शिकणाऱ्या विल्यम सदरलंडला कवटीची सुटी हाडं बघून वाटलं की त्यांच्या कडा माशाच्या कल्ल्यांसारख्या तिरप्या आहेत, म्हणजे ती हलत असणार. मृणालने पाहिलेलं डोक्यामागे आणि माकडहाडाखाली एकाच वेळी हात ठेवणं, हे त्याच्या कल्पनेतून आलंय. कवटीपासून माकडहाडापर्यंत एक संथ लय चालते आणि ती हाताला जाणवते, असं ते मानतात.

अडचण इथे आहे. दोन निष्णात माणसांनी एकाच व्यक्तीवर हात ठेवून ती लय मोजली तर त्यांची मोजमापं जुळत नाहीत, असं तपासण्यांत पुन्हा पुन्हा दिसलंय. नवजात बाळाची कवटी लवचिक असते हे खरं, पण हाताच्या हलक्या स्पर्शाने तिची हाडं "जागेवर बसवली" याला पुरावा नाही.

पोटशूळावर २०१२ मध्ये कॉक्रेनचा, म्हणजे वैद्यकीय अभ्यास एकत्र करून तपासणाऱ्या संस्थेचा, आढावा आला. ऑस्टिओपॅथी, कायरोप्रॅक्टिक (मुख्यतः कण्यावरचे हाताचे उपचार) वगैरेंचे सहा अभ्यास, ३२५ बाळं. वरवर बघता रडणं कमी झालेलं दिसलं. पण आपल्या बाळाला उपचार मिळाला की नाही हे ज्या अभ्यासांत आईवडिलांना माहीत नव्हतं, तेवढेच घेतले तर ठाम फरक उरला नाही. दुसऱ्या बाजूने, एका कुशीला वळलेल्या बाळांवरचा जर्मनीतला २००६ चा एक नीट केलेला अभ्यास आहे, बाळं फक्त ३२, पण ऑस्टिओपॅथीच्या गटात वळण जास्त सुधारलं. म्हणजे मृणालच्या बाळासारख्या प्रश्नात थोडी आशा आहे, रडण्याच्या प्रश्नात कमी.

आणि मान कडकन मोडणारे, झटका देणारे यांपासून बाळ लांबच ठेवा. ऑस्ट्रेलियात दोन आठवड्यांच्या बाळावर तसे प्रयोग केल्याचा व्हिडिओ २०१९ मध्ये पसरला, तेव्हा तिथल्या कायरोप्रॅक्टरांना बारा वर्षांखालच्या मुलांचा कणा हाताळायला मनाई झाली.

मनीषा_न्यूजर्सी

एक छोटी भर, कारण नातेवाइकांचा यात फार गोंधळ होतो. अमेरिकेत नावापुढे डीओ असलेले म्हणजे पूर्ण डॉक्टर असतात. औषध, शस्त्रक्रिया, सगळ्याचा परवाना. आमच्या मुलांची बालरोगतज्ज्ञ डीओच आहे आणि हाताचे उपचार तिने आजवर एकदाही केलेले नाहीत. युरोपातल्या ऑस्टिओपॅथचं शिक्षण वेगळं. आणि भारतात पाटीवर नुसतं "ऑस्टिओपॅथ" वाचून काहीच समजत नाही. मूळ पदवी काय, किती वर्षांचं शिक्षण, लहान मुलांचं काम कुठे शिकलात, हे तोंडावर विचारा.

मृणाल_श्टुटगार्ट

सगळ्यांचे मनापासून आभार. ओवीताई, तुमची पोस्ट आईला वाचून दाखवली, ती बराच वेळ काही बोललीच नाही.

काल डॉक्टरांकडे गेलो. मी आधीच सांगितलं की स्नायू हाताने तपासा. डाव्या बाजूला छोटी गाठ लागली. मलाही बोट ठेवून दाखवली, कातडीखाली भिजलेल्या हरभऱ्यासारखी. खुबे ठीक आहेत, गळ्याचं हाड ठीक, कवटीचे सांधे मोकळे. फिजिओथेरपीची चिठ्ठी मिळाली, बोबाथवाली बाई पुढच्या सोमवारी. ऑस्टिओपॅथकडे ठरलेल्या तीनपैकी एकदा जाणार, उरलेल्या दोन वेळा रद्द केल्या. त्यांना गाठीचं सांगितलं तर त्याही म्हणाल्या, फिजिओ आधी.

गौरीताई, काखेत धरून पाजलं. उजव्या बाजूला अकरा मिनिटं प्यायली.

फिजिओ_गौरी

अकरा मिनिटं! शाब्बास दोघींना. गाठीला घाबरू नकोस, ती हळूहळू विरते. दर दोन आठवड्यांनी डोक्याचा वरून फोटो काढून ठेव, रोज बघून फरक कळत नाही.

मृणाल_श्टुटगार्ट

दोन महिन्यांनी लिहितेय. लेक पावणेचार महिन्यांची. मान धरलीय. फिजिओ आठवड्यातून एकदा, घरी दिवसातून चार वेळा. डावीकडची वळी कोरडी असते आता. गाठ हाताला लागत नाही. डोकं अजून उजवीकडे थोडं चपटं आहे, कान किंचित पुढे, पण पहिल्या फोटोशी लावून बघितलं तर फरक दिसतो. डॉक्टर म्हणाले डोक्याला आकार देणाऱ्या हेल्मेटची गरज वाटत नाही, पुढच्या तपासणीत बघू. संध्याकाळचं रडणं तेराव्या आठवड्यात थांबलं, कशाने ते सांगता येणार नाही.

आई मागच्या महिन्यात साताऱ्याला गेली. रोज रात्री व्हिडिओ कॉल करते, फोन आम्ही मुद्दाम डाव्या बाजूला ठेवतो. परवा बाळ उजवीकडे पंख्याकडे बघत होतं. आईने फोनवर दोन बांगड्या एकमेकींवर वाजवल्या, न्हाऊ घालताना वाजायच्या तशा. मान सरळ डावीकडे गेली, हनुवटी पार खांद्यापर्यंत.

कृष्णाकाठची_आजी

तिच्या आजीला माझा नमस्कार सांग. फोटो टाक गं आता.